मूतखडा, प्रोस्टेट आणि गळणारी लघवी : इंदूरच्या वैद्यकातले एक प्रकरण

लघवीवर ताबा राहण्यासाठी शरीरात दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. मूत्राशयाने भरत असताना सैल राहायचे आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या स्नायूच्या वळ्याने आवळून धरायचे. वेळ आली की दोघांनीही उलट वागायचे. पुरुषांत या जागी प्रोस्टेट ही ग्रंथी असते आणि मूत्रमार्ग तिच्या आतून जातो. पन्नाशीनंतर ती वाढू लागते. कुणाची फारशी जाणवत नाही, कुणाची इतकी वाढते की धार बारीक होते, लघवीला थांबून राहावे लागते, रात्री तीन-चारदा उठावे लागते.

म्हाताऱ्या पुरुषांची लघवी गळण्याच्या मुख्य तऱ्हा यातूनच निघतात. वाट अडली की मूत्राशय कधीच पुरता रिकामा होत नाही. तो तुंबून भरतो आणि वरचे पाणी थेंबाथेंबाने आपोआप बाहेर पडते. ही तऱ्हा सर्वांत फसवी, कारण रोग्याला वाटते लघवी ‘फार होते’, आणि प्रत्यक्षात ती होतच नसते. दुसऱ्या तऱ्हेत मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावू लागतो. जाणीव झाली की मोरीपर्यंत जायलाही उसंत मिळत नाही. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश यांत हे वारंवार दिसते, पण मेंदू धडधाकट असतानाही होते. तिसरी तऱ्हा खोकताना, उठताना, वजन उचलताना गळण्याची. स्त्रियांत ती बाळंतपणानंतर येते. पुरुषांत ती बहुधा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरच येते. याखेरीज मधुमेह, बद्धकोष्ठ, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी औषधे, सर्दीच्या काही गोळ्या, आणि नुसते आखडलेले गुडघेसुद्धा कारण ठरतात. मूत्राशय ठीक असला तरी धोतराची गाठ सुटेपर्यंत उशीर होऊ शकतो.

या विकारांचा इंदूरमधला लेखी इतिहास गळतीपासून सुरू होत नाही, मूतखड्यापासून होतो. याचे कारण साधे आहे. खडा काढून दाखवता येतो, त्याचे वजन करता येते, तो बाटलीत ठेवता येतो. गळणाऱ्या लघवीचे असे काही दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याची नोंद दवाखान्यांच्या वह्यांत फार उशिरा झाली. म्हणून म्हाताऱ्यांच्या या तक्रारीचा माग खड्याच्या पाठोपाठच काढावा लागतो.

मराठी सत्ता माळव्यात आली तेव्हा लघवीच्या रोगांवर बोलायला वैद्यांकडे जुनी आणि तपशीलवार परिभाषा होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार आहेत. त्यातल्या वाताष्ठीलेत गुद आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी कठीण, न हलणारी गाठ सांगितली असून तिने लघवी अडते असे म्हटले आहे. वाढलेल्या प्रोस्टेटशी तिचे साम्य आधुनिक वैद्यांनी अनेकदा दाखवले आहे. वातकुंडलिकेत लघवी थोडी थोडी, वेदनेसह होते. मूत्रजठरात तुंबलेल्या लघवीने ओटीपोट फुगते. उपचारात गोखरू, वरुण, पुनर्नवा, शिलाजित, चंद्रप्रभा वटी आणि उत्तरबस्ती, म्हणजे मूत्रमार्गातून औषध सोडण्याची क्रिया, यांचा वापर होत असे. गोखरूचा काढा आणि चंद्रप्रभा आजही मराठी घरांत डॉक्टरकडे जाण्याच्या आधीची पायरी आहे. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयात ही परिभाषा अजून शिकवली जाते.

सुश्रुताचे आणखी एक निरीक्षण या विषयाशी थेट जोडलेले आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात खडा काढण्याची शस्त्रक्रिया आहे: विटपावर, म्हणजे गुद आणि अंडकोश यांच्यामधल्या जागी, सेवनीच्या (मधल्या शिवणीच्या) डावीकडे, जवाएवढे अंतर सोडून छेद. ती शेवटचा उपाय म्हणून आणि राजाला कळवून करावी, असे तो सांगतो. त्यापुढे कोणत्या आठ जागांना शस्त्र लागता कामा नये, आणि लागले तर काय होईल याची यादी येते. मूत्रप्रसेक, म्हणजे लघवीची वाट, दुखावला तर लघवी सतत झरत राहील, हा त्यातला एक इशारा. शस्त्रक्रियेने एक रोग जाऊन गळती मागे राहू शकते, हे इतक्या जुन्या काळी नेमकेपणाने लिहिलेले आहे. पुढची सगळी हकीकत याच इशाऱ्याभोवती फिरते.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि शहराच्या पूर्वेला ब्रिटिश रेसिडेन्सी बसली. मध्य भारतातल्या लहानमोठ्या संस्थानांवर देखरेख करणारे हे केंद्र होते, त्यामुळे तिथला सर्जन हाही एका मोठ्या मुलखाचा सर्जन झाला. होळकरांचे शहर एकीकडे, रेसिडेन्सीची वस्ती आणि छावणी दुसरीकडे अशी कारभाराची वाटणी होती. रोगी मात्र ही सीमा मानत नसत. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्याच दशकात खांडव्याहून इंदूरपर्यंत होळकर राज्य रेल्वे आली, आणि दूरच्या गावांतून खड्याचे रोगी आणणे सोपे झाले.

मूत्राशयातल्या खड्याचा रोग त्या काळी उत्तर आणि मध्य भारतात गरिबांच्या लहान मुलांना फार होई. धान्यावर आधारलेला, दूध-मांस कमी असलेला आहार आणि उन्हाळ्यातले कमी पाणी ही त्याची कारणे आज मानली जातात. मुलगा लघवी करताना किंचाळतो, शिश्न ओढतो, थेंबथेंब गळतो, हे चित्र माळव्यातल्या आयांना ओळखीचे होते. दुसरा खडा होई तो म्हाताऱ्यांना, आणि त्याचे मूळ वेगळे होते. प्रोस्टेट वाढल्याने लघवी मागे साचे, साचलेल्या लघवीत खडा धरे. मुलाचा खडा काढला की मूल बरे होई. म्हाताऱ्याचा काढला तरी प्रोस्टेट जागेवरच राही आणि तक्रारही.

खडा काढण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे छेद देऊन काढणे. दुसरा पॅरिसमध्ये सिव्हियाल याने १८२४ मध्ये जिवंत रोग्यावर करून दाखवलेला: मूत्रमार्गातून यंत्र आत घालून खडा फोडायचा आणि तुकडे लघवीबरोबर पडू द्यायचे. यात अनेक बैठका लागत, धारदार तुकड्यांनी मूत्राशय सोलवटे. १८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री जेकब बिगेलो याने भूल देऊन, एकाच बैठकीत सारा खडा फोडून, रुंद नळी आणि रबरी फुग्याच्या शोषक यंत्राने तुकडे धुऊन काढण्याची पद्धत मांडली. तिला लिथोलॅपॅक्सी म्हणतात. त्याच वर्षी इंदूरला वैद्यकीय शाळा सुरू झाली. हा योगायोगच, पण इंदूरच्या दृष्टीने बरा योगायोग.

रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात ही पद्धत इंदूरला लहान मुलग्यांवर वापरली. लंडनच्या तज्ज्ञांना हे अशक्य वाटत होते. मुलाचा मूत्रमार्ग अरुंद, मूत्राशय नाजूक, त्यामुळे मुलांवर छेदच द्यावा असा तिथला दंडक होता, आणि हेन्री थॉम्प्सन यांच्यासारख्या नामवंताचे वजन त्याच बाजूला होते. कीगन यांनी लहान आकाराची यंत्रे वापरून मुलांचा मूत्रमार्ग समजतात तेवढा अरुंद नसतो हे दाखवले, रोगी ओळीने नोंदवले आणि वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. १८८७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच मुलगे आणि प्रौढ पुरुष असे दोन्ही गट आहेत. काही वर्षांत भारतातल्या सरकारी सर्जनांमध्ये ही रीत रूढ झाली. विलायतेत बसून ठरवलेला नियम इंदूरच्या दवाखान्यात मोडला, ही त्या काळातली दुर्मीळ दिशा आहे. ज्ञान बहुधा उलट्या बाजूने वाहत असे.

कीगन यांचे नाव इंदूरशी दुसऱ्या एका कारणानेही जोडलेले आहे. व्यभिचाराच्या संशयावरून बायकांची नाके कापण्याची क्रूर प्रथा मध्य भारतात होती आणि अशा बायका रेसिडेन्सीच्या दवाखान्यात येत. कपाळाच्या कातडीचे नाक करण्याची जुनी भारतीय रीत कीगन यांनी सुधारली: उरलेल्या नाकाची कातडी खाली उलटवून तिचे अस्तर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९०० मध्ये लंडनला छापले गेले. नाकाच्या आणि खड्याच्या, दोन्ही कामांत सुश्रुताच्या जुन्या पाऊलवाटेवर हा आयरिश-इंग्रजी शिस्तीचा वैद्यकव्यवसाय चालत होता, याची जाणीव तेव्हाच्या लेखनात कमी-अधिक दिसते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मात्र लिथोलॅपॅक्सीची मर्यादा लगेच उघडी पडे. वाढलेल्या प्रोस्टेटमागे मूत्राशयाचा तळ खोल जातो, तुकडे तिथे दडून राहतात, आणि सगळे काढले तरी वाट अडलेलीच असते. अशा रोग्याला शेवटी नळी घालून लघवी काढण्याखेरीज इलाज नव्हता. चांदीची किंवा रबराची शलाका, तीही उकळून घेण्याची सवय रुजण्याआधी, दिवसातून दोनदा घालायची. काही महिन्यांत पू, ताप, आणि मूत्रपिंडे निकामी. ‘नळीवरचे जगणे’ हे फार लांबचे जगणे नसे.

ही कोंडी फोडली तो माणूस भारतातूनच गेलेला होता. पीटर जॉन्स्टन फ्रेयर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८७५ मध्ये दाखल झाले, वायव्य प्रांतात त्यांनी खडा फोडण्याच्या शेकडो शस्त्रक्रिया केल्या आणि कीगन यांच्याप्रमाणेच लिथोलॅपॅक्सीचे पुरस्कर्ते म्हणून नाव मिळवले. रामपूरच्या नवाबाने बरे केल्याबद्दल त्यांना लाख रुपये दिले आणि त्यावरून सरकारशी खटका उडाला, ही हकीकत त्या काळी गाजली. निवृत्तीनंतर ते लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात गेले. १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ओटीपोटावर छेद देऊन, मूत्राशय उघडून, बोटाने सोलून ६९ वर्षांच्या रोग्याची वाढलेली प्रोस्टेट काढली. १९०१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९१२ पर्यंत त्यांच्या हजार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी हे आधी केले होते, त्यामुळे श्रेयावरून कडवट वाद झाला. श्रेय कुणाचेही असो, भारतातल्या खड्याच्या दवाखान्यांत हात तयार झालेल्या सर्जनाने म्हाताऱ्यांच्या लघवीची अडचण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दूर केली, एवढे निर्विवाद आहे.

त्याबरोबर सुश्रुताचा इशाराही परत आला. प्रोस्टेट काढताना तिच्या खालचा आवळणारा स्नायू दुखावला तर तुंबणारा माणूस गळणारा होई. आधी अडथळ्यामुळे वाहत होते, आता अडथळा नाही म्हणून वाहते. सर्जनच्या लेखी रोगी बरा, कारण तो जगला आणि नळी सुटली. घरी गेल्यावर काय झाले ते कोणी विचारत नसे.

घरी गेल्यावर जे होई ते इंदूरच्या वाड्यांत बायकाच निस्तरत. राजवाड्याच्या आसपासच्या, रामबागेतल्या किंवा नारायणबागेतल्या मराठी घरांत आजोबांची बाज ओसरीवर किंवा मोरीजवळच्या खोलीत हलवली जाई. खाटेखाली तस्त, अंगाखाली मेणकापड आणि जुन्या नऊवारीच्या घड्या, लंगोटात चिंध्यांची पट्टी. संडास वाड्याच्या मागच्या टोकाला असल्याने रात्री म्हातारा माणूस तिथवर पोचणे कठीणच. यात रोग किती आणि घराची रचना किती हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. ‘वय झाले’ एवढे निदान पुरेसे असे. सोवळ्याओवळ्याच्या घरात लघवी गळणाऱ्या पुरुषाला देवपूजा सोडावी लागे, पंगतीत बसणे टळे, प्रवास बंद होई. ते दुखणे औषधाने बरे होण्यासारखे आहे अशी कल्पनाच नव्हती.

दवाखान्यांची व्यवस्था मात्र वाढत होती. १८७८ ची वैद्यकीय शाळा पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली आणि मध्य भारतातल्या संस्थानांना दवाखाने चालवणारे लायसन्शिएट दर्जाचे डॉक्टर पुरवत राहिली. गावोगावच्या दवाखान्यात तुंबलेल्या म्हाताऱ्याला नळी घालणारा पहिला हात बहुधा याच शाळेत शिकलेला असे. होळकर राज्याचे तुकोजीराव रुग्णालय शहराच्या बाजूने काम करी. १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला महाराजा यशवंतराव रुग्णालयाची सातमजली इमारत उभी राहिली. इंदूरकरांच्या तोंडी ते ‘एमवाय’. किंग एडवर्ड शाळेची जुनी दगडी इमारत त्याच परिसरात आहे.

एमवायच्या पहिल्या पिढीच्या शस्त्रक्रिया विभागात प्रोस्टेटचे काम सामान्य सर्जनच करत. ओटीपोटावर छेद देण्याची फ्रेयरची रीत, किंवा टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये मांडलेली मूत्राशय न उघडता करायची रीत, हे दोन पर्याय. देशात मूत्ररोगशास्त्र वेगळी शाखा म्हणून उभी राहत होती, मुंबईचे डॉ. जी. एम. फडके हे त्या पिढीतले ठळक मराठी नाव, आणि १९६१ मध्ये या शाखेच्या सर्जनांची अखिल भारतीय संघटना सुरू झाली. फुगा फुगवून मूत्राशयात अडकून राहणारी फोली नळी १९३० च्या दशकात निघाली होती. आपल्याकडे ती आली तेव्हा म्हाताऱ्यांची सोय झाली आणि आळसही वाढला. गळते आहे ना, मग नळी आणि पिशवी लावून द्या, असा सोपा मार्ग अनेक वॉर्डांत रूढ झाला. कायमच्या नळीने जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, मूत्राशय आकसतो. एरवी बरा होऊ शकणारा रोगी त्यात कायमचा अडकतो.

मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, विजेच्या तारेच्या कड्याने प्रोस्टेट आतून तासून काढण्याची पद्धत अमेरिकेत १९२६ ते १९३२ च्या दरम्यान घडली. हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी दृश्य स्वच्छ झाले तेव्हा ती जगभर पसरली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंदूरच्या सरकारी व खासगी रुग्णालयांतही नेहमीची झाली. बोली भाषेत हे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’. पोटावर टाका नाही, चार-पाच दिवसांत घरी. यानंतर कायमची गळती राहण्याचे प्रमाण शेकड्यात एखाद-दुसरे. कर्करोगासाठी सबंध प्रोस्टेट काढल्यावर मात्र पहिले काही महिने बहुतेकांना गळते आणि वर्षभरात बहुसंख्यांचे आटोक्यात येते. पुढे औषधांनी ऑपरेशनची गरजच कमी केली. मूत्राशयाचे तोंड सैल करणाऱ्या गोळ्या आणि १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली, ग्रंथी आक्रसवणारी फिनॅस्टेराइड यांमुळे अनेक म्हातारे शस्त्रक्रियेविना निभावतात. आता लेसरनेही ग्रंथी सोलून काढतात. फ्रेयरचे बोट जे करत होते तेच, पण आतून.

गळतीवर थेट इलाज असा विचार त्यामानाने अलीकडचा. अर्नोल्ड केगेल यांनी श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम १९४८ मध्ये बायकांसाठी मांडले. पुरुषांना ते प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर शिकवायला बरीच वर्षे गेली. वारा अडवल्यासारखे गुदद्वार आवळून धरायचे आणि सोडायचे, दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने. खर्च शून्य आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. १९७२ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी लॅपिडीस यांनी रोग्याने स्वतःच स्वच्छ नळी ठरावीक वेळी घालून काढण्याची रीत मांडली, आणि ब्रँटली स्कॉट यांनी मूत्रमार्गाभोवती द्रवाने फुगणारे कृत्रिम वळे बसवले, ज्याचा पंप अंडकोशात असतो. हे यंत्र आज भारतात बसवतात, पण किंमत लाखांत असल्याने मोजक्यांनाच परवडते.

सध्याच्या उपचारांचा क्रमही या इतिहासाने घडवला आहे. आधी लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने पाहतात, कारण तुंबून गळणाऱ्याला घाईची औषधे दिली तर तो पूर्ण अडतो. मग साखर, लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, चालू गोळ्या तपासतात. तीन दिवस किती वाजता किती पाणी प्यालो आणि किती लघवी झाली याची वही ठेवायला सांगतात. संध्याकाळनंतर पोटात जाणारा चहा या वहीत पहिल्यांदा दिसतो. मूत्राशयाला वेळापत्रक लावणे, व्यायाम, मग गोळ्या, आणि गरज पडली तर मूत्राशयात बोटॉक्सची टोचणी किंवा शस्त्रक्रिया. एमवायच्या आवारात अलीकडे सुरू झालेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्ररोगाचा स्वतंत्र विभाग आहे.

भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. त्यामुळे म्हातारपणाचे विकार सार्वजनिक प्रश्न म्हणून पुढे यायला वेळ लागला. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक सुमारे साडेआठ टक्के, म्हणजे दहा कोटींच्या वर होते. इंदूरमध्ये या प्रश्नाची एक बाजू दवाखान्याबाहेरही सुटली. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा केला, त्यात स्वच्छता आणि रोगराई हे मुख्य विषय होते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २०१७ पासून अनेक वर्षे सलग स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या या शहरात सार्वजनिक मुताऱ्या आणि स्वच्छतागृहे वाढली, धुतली जाऊ लागली. घाई होणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाला सराफ्यापर्यंत किंवा राजवाड्यापर्यंत जाऊन येता येईल की नाही, हे पुष्कळदा गोळीइतकेच जवळच्या मुतारीवर अवलंबून असते.